परकीय हात आणि हातमोजे

६ ऑक्टोबर, सोमवार

समोरच्या फ्लॅटमध्ये परदेशी जोडपं राहायला आलं. देश लाटव्हिया. नवरा यानिस, रिंग रोडवरच्या एका कंपनीत आहे. बायको इल्झे काही करत नाही. म्हणजे काही करत नाही असं ती सांगते.

बेंगळुरूच्या या बेळ्ळंदूरमध्ये इतक्या इमारती, आमच्या इमारतीत इतके फ्लॅट, आणि यांना मिळाला नेमका माझ्या दारासमोरचा. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, पीण्या भागात असलेल्या सरकारी कारखान्यातून डेप्युटी जनरल मॅनेजर म्हणून रिटायर झालो. तिथे आम्ही काय बनवायचो ते या वहीतसुद्धा लिहिणार नाही. पण ज्यांना माहीत असायला हवं त्यांना ते माहीत असतं.

संध्याकाळी इल्झे काळा पाव घेऊन आली. स्वतः भाजलेला. हात जोडून नमस्कार केला, तोही अगदी बरोबर. ट्रेनिंग चांगलं दिसतं.

माझी बायको प्रेमा हिनं पावाला तूप आणि लसणाची चटणी लावली. आवडला म्हणाली. मी एक तुकडा घेतला, फक्त तपासायला. मग अजून दोन.

९ ऑक्टोबर, गुरुवार

दिवसभर वाचन. ज्या देशाकडे विमानवाहू जहाज नसतं तो देश पाव पाठवतो. याला सॉफ्ट पॉवर म्हणतात. मोठे देश सिनेमा पाठवतात, योग पाठवतात, कुणी प्राणी पाठवतं. आधी जिभेत शिरायचं, मग घरात, मग धोरणात. हे सामान्य माणसाच्या लक्षात येत नाही. माझ्या आलं.

लोकांना सावध करायला व्याख्यान द्यायचं ठरवलं. विषय: ‘परराष्ट्र धोरणात संस्कृतीची भूमिका: एक इशारा’. पंचेचाळीस मिनिटं. प्रश्नोत्तरं वेगळी.

सोसायटीचे सेक्रेटरी येसाजीराव यांना भेटलो. हे इथले जुने मराठी, कित्येक पिढ्या बेंगळुरूत. म्हणाले, ‘सरी अण्णा, करा की. पर क्लबहाउस झाल्यावर स्वच्छ करून द्या.’ ही अधिकृत मंजुरी समजून आंतरराष्ट्रीय संबंध उपसमिती स्थापन केली. अध्यक्ष मी. सदस्य नंतर घेऊ.

१३ ऑक्टोबर, सोमवार. दुपार

इल्झे पुन्हा आमच्याकडे. निमित्त विणकामाचं. त्यांच्याकडे बायका लोकरीचे रंगीत हातमोजे विणतात, त्यात बोटं वेगळी नसतात, फक्त अंगठा वेगळा. लग्नात नवरी पाहुण्यांना हातमोजे देते म्हणे. प्रेमानं माळ्यावरची लोकर आणि सुया काढल्या. आमची मुलगी शलाका लहान असताना प्रेमा विणायची, त्यानंतर हात लावला नव्हता. या शहरात स्वेटर घालण्याइतकी थंडी पडते कुठे?

आतल्या खोलीत बसून ऐकत होतो. इल्झेनं विचारलं, मिस्टर विद्याधर काय काम करायचे? सरळ, उघड. मी श्वास रोखला. प्रेमा म्हणाली, ‘ही वॉज गोइंग टू पीण्या.’

संपलं. माझ्या अख्ख्या नोकरीचं वर्णन. गोपनीयतेच्या दृष्टीनं उत्तम. तरी जरा लांबलं असतं तर चाललं असतं.

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा

आज प्रतिचाल. संस्कृतीला उत्तर संस्कृतीनं द्यायचं. फराळाचं ताट घेऊन समोर गेलो, प्रेमा मागून. मी चकलीवर बोललो. चकलीची रचना, तिची सममिती, महाराष्ट्र आणि कर्नाटकातली तिची दोन रूपं, आणि दोन राज्यांत सीमाप्रश्न असूनही चकली कशी ये-जा करते. यानिसनं डोळे मिटून ऐकलं. नंतर कळलं की तो झोपला होता. रात्रपाळीचे कॉल असतात त्याला. असं म्हणतात.

इल्झेनं विचारलं, हे सगळं प्रेमानं केलं का? मी म्हणालो, आम्ही केलं. प्रेमानं माझ्याकडे पाहिलं. शिष्टमंडळात मतभेद बाहेर दिसू द्यायचे नसतात, हे तिला घरी आल्यावर समजावलं. ती चकल्यांचा डबा घेऊन पुन्हा समोर गेली. एकटीच. मी येऊ का विचारलं, नको म्हणाली.

२७ ऑक्टोबर, सोमवार

महत्त्वाचं. प्रेमाच्या पिशवीत आलेख कागद सापडला. चौकोनी घरं, त्यात लाल-काळ्या फुल्या. खाली परकीय अक्षरं. मी आयुष्यभर ड्रॉइंग वाचलेला माणूस आहे. मला कोण फसवणार?

कागद उलटा धरला तर रिंग रोड स्पष्ट दिसतो. मधला काळा ठिपका म्हणजे बेळ्ळंदूर तलाव. वायव्येला एक वेगळा चौकोन, बाकी आकृतीपासून तुटलेला. वायव्येला काय आहे? पीण्या.

प्रेमानं कागद ओढून घेतला. म्हणाली, हातमोज्याचा नमुना आहे, आणि तो चौकोन अंगठ्याचा आहे. तिला तसं सांगण्यात आलं असणार. बिचारी भोळी आहे.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

संबंधित खात्याला इंग्रजीत गोपनीय टिपण पाठवलं. भावनेच्या भरात एक शब्द लिहिला नाही. तथ्यं फक्त: पाव, नमस्कार, विणकामाच्या नावाखाली क्लबहाउसमध्ये दर शुक्रवारी जमवलेल्या बायका, कागद. ‘माझ्या पत्नीला हाताळलं जात आहे’ हेही लिहिलं, कारण त्यांची परिभाषा तशीच असते. खाली नाव दिलं नाही. ‘एक ज्येष्ठ तंत्रज्ञ’ एवढंच.

ईमेल माझ्याच आयडीवरून गेला हे पाठवल्यावर लक्षात आलं. हरकत नाही. ते लोक अशा गोष्टी सांभाळतात.

५ नोव्हेंबर, बुधवार

उत्तर नाही. म्हणजे हालचाल सुरू आहे.

गेटबाहेर पांढरी गाडी बराच वेळ उभी होती. ड्रायव्हरकडे पाहून हलकेच मान हलवली. त्यानंही हलवली. नंतर त्यातून तिसऱ्या मजल्यावरच्यांची वॉशिंग मशीन उतरली. कव्हर छान निवडलंय.

११ नोव्हेंबर, मंगळवार

इन्स्पेक्टर दयानंद आले. आधी समोर गेले. इल्झेचा पासपोर्ट, व्हिसा, घराचा करार, सगळं मागितलं. दार उघडंच होतं. ती कागद काढत होती आणि ते पुन्हापुन्हा खाली पडत होते. अपराधी माणसाच्या हातून पडतातच, असं तेव्हा मनात आलं.

मग आमच्याकडे. मी खुर्ची पुढे केली. ते कानडीत बोलू लागले. इतकी वर्षं इथे राहून माझं कानडी ‘स्वल्प’च्या पुढे सरकलेलं नाही, कारण कारखान्यात सगळे हिंदी-इंग्रजी बोलायचे. प्रेमा मात्र भडाभडा बोलली. कधी शिकली कोण जाणे. चहा दिला. त्यांच्या मुलीची परीक्षा, बायकोची सांधेदुखी, सगळं काढून घेतलं. मी सल्लागाराच्या भूमिकेत गप्प राहिलो.

मग त्यांनी माझ्या टिपणाची प्रिंट टेबलावर ठेवली. प्रेमानं चष्मा लावला. सावकाश वाचली. मग मला विचारलं, ‘मला हाताळलं जातंय म्हणजे काय?’

ती तांत्रिक संज्ञा आहे, असं म्हणालो.

इन्स्पेक्टरनी हिंदीत विचारलं, कोणती गुपितं धोक्यात आहेत? तुमच्यापुढे सांगता येणार नाहीत, असं बाणेदारपणे सांगितलं. त्यांनी फोन काढून दाखवला. आमच्या कारखान्याची वेबसाइट. अँटेना उचलण्याचा जॅक, फोटोसकट, मापांसकट. ‘हाच ना?’ म्हणाले. हाच होता. वेबसाइटवर टाकायला नको होता. याबद्दल कारखान्याला लिहायचं.

प्रेमानं आलेख कागद आणला आणि अर्धवट विणलेला हातमोजा त्याच्या शेजारी ठेवला. तो चौकोन अंगठ्याचाच होता. इन्स्पेक्टरनी हातमोजा हातात घालून पाहिला, दोन्ही बाजूंनी बघितला, परत दिला. जाताना मला म्हणाले, पुन्हा असं लिहायचं असेल तर आधी घरात विचारत जा.

माझं खातं वेगळं, त्यांचं वेगळं. समन्वयाचा अभाव ही आपली जुनी समस्या आहे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

प्रेमा बोलत नाही. मुत्सद्देगिरीत मौनालाही अर्थ असतो.

समोरचं दार दिवसभर बंद. येसाजीराव लिफ्टमध्ये भेटले. या महिन्याच्या बावीस तारखेला क्लबहाउसमध्ये इल्झेच्या विणकामाचं प्रदर्शन होणार होतं. लाटव्हियाच्या राजदूत बाई काही कामानं दिल्लीहून इथे येणार आहेत, त्या येऊन जाणार होत्या. इल्झेनं सगळं रद्द केलं. म्हणाली, ज्यांना माझा संशय येतो त्यांच्यासमोर मी काय मांडू? यानिसला कंपनीनं बोलावून घेतलं, पोलीस का आले म्हणून. ते दोघं घर सोडायचं म्हणताहेत.

येसाजीराव म्हणाले, ‘कोनी केलं असंल अण्णा? स्वल्प विचार तरी करायचा.’ मी म्हणालो, लोक फार घाईनं निष्कर्ष काढतात. ते माझ्याकडे पाहत राहिले. त्यांचा मजला आला तरी उतरले नाहीत. लक्ष ठेवायला हवं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

प्रेमा बोलली. भाजी चिरत होती. सुरी खाली ठेवून बोलली. आवाज चढवला नाही.

म्हणाली, ‘या शहरात आल्यापासून दारावरची बेल वाजली की ती तुमच्यासाठी असते, नाहीतर शलाकासाठी, नाहीतर सिलिंडरवाला. माझ्यासाठी म्हणून बेल वाजवणारी ती पहिली बाई. तिला तुम्ही पोलीस लावलेत.’

मी म्हणालो, हे राष्ट्रीय प्रश्न वैयक्तिक पातळीवर आणू नयेत.

ती म्हणाली, ‘मी तिला सांगून येते की ते तुम्ही केलंत.’

मी म्हणालो, स्रोत उघड करण्याची प्रथा नाही. पण ती पदराला हात पुसत निघालीसुद्धा. दाराच्या भिंगातून पाहिलं. इल्झेनं दार उघडलं, प्रेमा काहीतरी बोलली, दोघी तशाच उभ्या. मग प्रेमा रडायला लागली. ती रडली म्हणून इल्झे रडली. दार लागलं.

भाजी तशीच पडून होती. मी झाकण ठेवलं.

बऱ्याच वेळानं समोरून हसण्याचा आवाज आला. कशाबद्दल हसत असाव्यात?

(नोंद: आपली बेल कोण कोणासाठी वाजवतं ते आजवर पाहिलं नव्हतं. पाहायला हवं.)

१६ नोव्हेंबर, रविवार

प्रदर्शन होणार. प्रेमानं इल्झेचं मन वळवलं. येसाजीराव आणि विणकामाच्या वर्गातल्या सगळ्या बायका समोर जाऊन आल्या. एक अट: मी जाऊन माफी मागायची. अट इल्झेची नाही, प्रेमाची.

सकाळी निवेदन तयार केलं. ‘घडलेल्या घटनाक्रमातून काही गैरसमज निर्माण झाले असल्यास त्याबद्दल खेद वाटतो.’ अशा मजकुरात जबाबदारी येत नाही आणि संबंध सुधारतात. उभं राहून मराठीतून वाचलं. इल्झेनं शेवटपर्यंत ऐकलं आणि मराठीत म्हणाली, ‘बसा. चहा?’

मोठं यश. द्विपक्षीय चर्चा पूर्ववत.

प्रेमा घरी आल्यावर म्हणाली, त्यात ‘चुकलं’ हा शब्द कुठेच नव्हता. मी म्हणालो, नसतोच. ती म्हणाली, ‘तिला मराठी येत नाही म्हणून वाचलात.’ मग थोड्या वेळानं म्हणाली, ‘खरं तर येतं.’

२२ नोव्हेंबर, शनिवार

प्रदर्शन. क्लबहाउस भरलेलं. टेबलांवर हातमोजे, पांघरुणं, टोप्या. प्रेमानं विणलेले हातमोजे वेगळ्या टेबलावर. नमुना त्यांचा, पण मधे तिनं आपलं चैत्रांगण घातलं होतं: गोपद्मं, कासव, पाळणा, सूर्य-चंद्र. लाल लोकरीवर पांढरं. खरं सांगायचं तर मी पहिल्यांदाच नीट पाहिलं. घरात इतके दिवस विणत होती तेव्हा मी कागद पाहत होतो.

राजदूत बाई साध्या. भाषण अगदी छोटं. म्हणाल्या, माझ्या आजीनं विणलेले हातमोजे घालून मी या नोकरीच्या मुलाखतीला गेले होते, हात थंड पडू नयेत म्हणून. बाकी परराष्ट्र धोरण मी नंतर शिकले. लोकांनी खूप टाळ्या वाजवल्या. मुद्देसूद नव्हतं.

मग त्या प्रेमाच्या टेबलाशी थांबल्या. कासवाचा अर्थ विचारला. मी दुभाषा म्हणून पुढे झालो. प्रेमानं मला हातानंच मागे सारलं आणि तिच्या इंग्रजीत सांगितलं, ‘चैत्रात आम्ही अंगणात हे काढतो. देवी माहेरी येते ना, तिला घर ओळखू यावं म्हणून.’ बाई ऐकत राहिल्या. त्यांनी हातमोजा गालाला लावला.

माझं व्याख्यान शेवटी होतं. पंचेचाळीस मिनिटांची पाच झाली, आणि पाच सुरू झाली तेव्हा समोसे आले. तरी पूर्ण बोललो. हजर: येसाजीराव आणि माइकवाला. माइकवाला वायरी गुंडाळत होता पण कान इकडेच होते. समोर दोघंच असले तरी विचार पसरायला वेळ लागत नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

निमंत्रण आलं. जानेवारीत इल्झेच्या गावी हिवाळी हस्तकलेची जत्रा असते. तिथे प्रेमानं चैत्रांगणाचे हातमोजे मांडावेत, बायकांना शिकवावेत. इल्झे तेव्हा आईला भेटायला जाणारच आहे, तिच्याबरोबरच प्रेमा. तिकडच्या संग्रहालयानं बोलावलंय.

माझ्यासाठी काही नाही. नजरचूक असणार. ‘शिष्टमंडळाचा प्रमुख म्हणून मी उपलब्ध आहे’ असं कळवलं. फार गोड उत्तर आलं. त्यात माझ्या प्रकृतीला शुभेच्छा होत्या.

प्रेमाला सांगितलं, विचार करून ठरवू. ती म्हणाली, ‘मी व्हिसाचे फोटो काढून आले.’ शलाकाला पुण्याला फोन केला, आईला समजाव म्हणून. ती ओरडलीच आनंदानं. सगळ्या बाजूंनी फितुरी.

१० जानेवारी, शनिवार

तिथे काय बोलायचं याचे मुद्दे प्रेमाला लिहून दिले. सागरी धोरण, पुरवठा साखळी, हिंदी महासागर. तिनं तो कागद दोन बरण्यांच्या मधे घातला, फुटू नयेत म्हणून. एकीत लसणाची चटणी आहे. इल्झेच्या आईला आवडते म्हणे. आईला कधी पाठवली होती?

१७ जानेवारी, शनिवार

विमानतळ. यानिसनं गाडी चालवली. मी पुढे, दोघी मागे बोलत. प्रेमानं इल्झेचा जाड कोट घातला होता, इथल्या हवेत घामाघूम झाली तरी काढेना. कोटातली प्रेमा ओळखू येत नव्हती. बरी दिसत होती.

सांगायचं बरंच होतं. पासपोर्ट सांभाळ, अनोळखी माणसाशी बोलू नकोस, कुणी कारखान्याबद्दल विचारलं तर. ती म्हणाली, ‘मला माहितीय काय सांगायचं.’ मग माझ्या शर्टाचं वरचं बटण लावलं आणि आत गेली. काचेतून एकदा दिसली. दुसऱ्या कुणाच्या तरी आडोशाला गेली, मग दिसलीच नाही.

परत येताना हेब्बाळजवळ ट्रॅफिकमध्ये बराच वेळ अडकलो होतो.

१९ जानेवारी, सोमवार

एकटा राहण्याचा कार्यक्रम आखला आहे. सकाळी चालणं, मग वाचन, मग स्वयंपाक. स्वयंपाक म्हणजे शेवटी थर्मोडायनॅमिक्स.

दुपारी कुकरच्या शिट्या झाल्याच नाहीत. रिंग घातली नव्हती. भात खाली करपला, वर कच्चा. पोळी-भाजी केंद्रात फोन केला, सोमवारी बंद. बिस्किटं खाल्ली.

प्रेमाचा फोटो आला. बर्फात उभी, चार गोऱ्या बायका भोवती, सगळ्यांचे हात वर, सगळ्यांच्या हातात हातमोजे. ‘जेवलात का?’ म्हणून विचारलं होतं. उत्तम जेवलो असं कळवलं.

२१ जानेवारी, बुधवार

दुपारी दारात यानिस. हातात आमचाच डबा, प्रेमाचा. वरण, भात, बटाट्याची भाजी. त्यानं स्वतः केलेलं. प्रेमानं जायच्या आधी महिनाभर शिकवलं म्हणे, सकाळी मी चालायला जायचो तेव्हा. ‘प्रेमा नोज यू आर नॉट ईटिंग,’ म्हणाला.

तिला कसं कळलं, ते विचारलं. जरा कचरला. मग फोन पुढे केला. सोमवारपासून रोजचा रिपोर्ट. कचऱ्यात बिस्किटांचे पुडे. कुकरचा वास. दिवे किती वाजता बंद. ब्लड प्रेशरची गोळी: माहीत नाही. खाली प्रेमाचं इंग्रजी: ‘प्लीज चेक गोळी.’

म्हणजे माझा संशय खरा होता. माझ्यावर पाळत होती. पाळत ठेवणारा परकीय होता. फक्त ती लावली कुणी, तेवढ्यात चुकलो.

ताट वाढून घेतलं. त्यालाही वाढलं, उभा होता म्हणून. तो चमचा न मागता हातानं जेवला. वरणात मीठ कमी होतं. मी उठून मीठ आणलं, आधी त्याच्या पानात वाढलं. तो म्हणाला, शी इज हॅपी देअर. मी म्हणालो, यस.

जेवण झाल्यावर त्यानं माझ्या रिकाम्या ताटाचा फोटो काढला आणि पाठवला. मी काढू दिला. मग गोळी घेतली, तीही त्याच्या समोर, म्हणजे नोंद राहील.

तो जायला निघाला तेव्हा उद्या कधी येणार ते विचारलं.